इटकरीने घासलेला अंगठा

मी एक जुनी, अंगठा ओळखणारी मशीन आहे. चोपड्याकडच्या एका गावात, रतिलालभाऊंच्या रेशन दुकानात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुम्हाला वाटेल मशीनला कसली आलीय भीती? पण मला रोज भीती वाटते, कुणाला नकार द्यावा लागेल याची.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. नवी होते तेव्हा रतिलालभाऊंनी मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. लोक कौतुकाने अंगठा ठेवायचे आणि गहू-तांदूळ घेऊन हसत घरी जायचे. आता माझी काच चरे पडून धुरकटली आहे. ती पुसायचीही कुणाला आठवण राहत नाही.

त्या दिवशी महिनाअखेर होती. त्या महिन्यात न नेलेलं धान्य नंतर मिळत नाही. त्यातच टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू होत्या. रांगेतले लोटन आबा म्हणाले, "आते बठ्ठा पैसा तोफासले जाई. आपला गहू बंद व्हई!"

सगळा पैसा तोफांना जाणार, हे ऐकून जो तो पिशवी घेऊन पुढे सरकू लागला. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात सुनंदाबाई पुढे आल्या. त्या केळीच्या बागेत घड कापायला जातात. केळीच्या चिकाने बोटं काळी पडतात, म्हणून मी ओळखत नाही, असं त्यांना वाटायचं. म्हणून त्या रोज अंगठा इटकरीने, म्हणजे विटेच्या तुकड्याने घासायच्या. डाग गेले, पण अंगठ्यावरच्या रेषाही गेल्या.

मी नकार दिला. त्यांनी पदराला बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. मी पुन्हा नकार दिला. मला काहीच करता येत नव्हतं.

"भाऊ, हाई मशीन माले वळखत नही," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

कार्डावर दुसरं नाव त्यांच्या मुलाचं, हेमराजचं. तो भुसावळला तोफगोळ्यांच्या कारखान्यात कामाला. युद्धाच्या धास्तीने त्याची रजा रद्द झालेली. त्याच्या मोबाईलवर ओटीपीचा आकडा पाठवूनही धान्य देता येतं, पण मोबाईल कारखान्याच्या फाटकावर जमा असतो. त्याची कामाची पाळी संपेपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. सुनंदाबाई पायरीवर बसून राहिल्या. गव्हाची धास्ती मोठी की मुलाची, त्यांनाच कळत नव्हतं. माझी बॅटरीही उतरत चालली होती.

रतिलालभाऊंनी दुकान बंद केलं नाही. संध्याकाळी फोन लागला. हेमराजने आकडा सांगितला आणि मी घाईघाईने पावती काढली.

सुनंदाबाईंनी गव्हाकडे पाहिलंसुद्धा नाही. फोन ओढून घेत त्यांनी विचारलं, "हेमराज, जेवना का रे?"

मित्रांनो, तोफेला किती द्यावं आणि ताटाला किती, हे मला ठरवता येत नाही. पण तोफगोळे करणाऱ्याची आई गव्हासाठी माझ्यासमोर बोट पुसत उभी राहते, हे मी पाहिलंय. मला फक्त नकार द्यायला शिकवलंय. तुम्ही मोठे होऊन नव्या मशीन कराल, तेव्हा त्यांना माणूस ओळखायला शिकवा.