गळालेलं बदकाचं पान

अहो, इकडे! कपाटाच्या खालच्या फळीवर. मी पहिलीच्या वर्गातलं वाचनाचं पुस्तक बोलतोय.

छापखान्यातून आलो तेव्हा काय तोरा होता माझा! पुढे कुणी थुंकी लावून पानं उलटली, कुणी बदकाला मिशा काढल्या. चालायचंच. पोरांचं बोट एकेका अक्षरावर अडायचं, ओठ पुटपुटायचे आणि शब्द लागला की डोळे चमकायचे. तेवढ्यासाठी मी सगळं सोसलं.

मग एका वर्षी मी चिमणीच्या दप्तरात गेलो. बाईंपासून सगळे तिला चिमणीच म्हणत. वर्ग एका सुरात धडे म्हणायचा, ते ऐकून ऐकून तिला सगळे पाठ झाले. बोट माझ्यावरून झरझर फिरायचं, डोळे खिडकीबाहेर. एक अक्षर ओळखत नव्हती हो पोर! घरी भांडी विसळता विसळता तिची आई म्हणायची, "मला नाही जमलं, पण माझी लेक बघा कशी घडाघडा वाचते!" मला अगदी कसंसंच व्हायचं.

त्यातच माझं बदकाचं पान निसटलं आणि केरात गेलं. परीक्षेच्या दिवशी बाईंनी नेमका बदकाचाच धडा वाचायला सांगितला. चिमणीने खुशाल हत्तीच्या पानावर बोट ठेवलं आणि बदकाचा अख्खा धडा म्हणून टाकला! वाटलं, आता तरी बाई बघतील. पण धडा बाईंनाही तोंडपाठ. त्या मान खाली घालून दुसऱ्याची पाटी तपासत होत्या.

"शाब्बास! चला, दुसरीत गेलात तुम्ही."

अहो बाई, जरा इकडे बघा की! मी ओरडलो, पण कुणाला ऐकू जाणार? पोरं वाचतात तेव्हाच मला तोंड फुटतं.

शेवटच्या दिवशी पुस्तकं परत देताना चिमणी मागे रेंगाळली. मला छातीशी धरून हळूच म्हणाली, "मला नाही येत वाचायला. कुणाला सांगू नकोस हं."

बाळा, मला सांगता आलं असतं तर आधीच सांगितलं नसतं का?

तुमच्या घरी एखादं लेकरू घडाघडा वाचत असेल तर कौतुक जरूर करा. पण एकदा शेजारी बसा आणि त्याचं बोट कुठे आहे तेवढं बघा. एवढं कराच.

भिंतीपलीकडे दुसरीचा वर्ग भरतो. आत्ताही एका सुरात धडा चाललाय. सगळ्यात मोठा आवाज चिमणीचा आहे.