फिलोमिनाची किंकाळी

तरुणपणी फिलोमिनाच्या ब्रुकलिनमधल्या गल्लीत एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. पोलिसांची वाट न बघता नायक स्वतःच गुंडांना गोळ्या घालत सुटतो, असा सिनेमा. त्यातली गर्दीतून येणारी किंकाळी आपलीच, हे फिलोमिनाने सगळ्या गोतावळ्याला ऐकवून ऐकवून त्यांच्याकडून पाठच करून घेतलं होतं. जुन्या कॅसेटवर नुसता अंधार आणि खरखर, त्यामुळे तिला कोणी हटकलं नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर जावई कार्माइनने त्याच सिनेमाची नवी डिस्क लावली. "मम्मा, चित्र बघा, आरसा आहे आरसा!"

होताच. बंदुका धडाडत होत्या आणि गर्दीतली तरुण फिलोमिना निवांत सॉसेजचं सँडविच चघळत होती. हनुवटीवरचा सॉससुद्धा दिसला. किंकाळी आली ती पलीकडच्या बाईची, तीही सोफ्यामागच्या डाव्या स्पीकरमधून.

कार्माइन गालातल्या गालात हसला. "तोंडात एवढा घास असून काय आवाज लावलात, मम्मा!"

"आवाज ऐकायचाय तुला?" फिलोमिना उठली, कमरेवर हात ठेवले आणि तिने अशी किंकाळी फोडली की वरचा भाडेकरू बॅट घेऊन धावत खाली आला.

"बघ," ती जावयाला म्हणाली, "तुझ्या स्पीकरातल्या बाईसाठी कुणी जिना उतरलं का?"