कट्ट्याखालची टाकी

माझ्या डोक्यावरच्या निळ्या फरशीत केसाएवढी बारीक भेग आहे. भरतीच्या वेळी ती ओली होते आणि ओहोटीला वाळते. कट्ट्यावर बसणाऱ्यांना वाटते, कुणाच्या तरी हातून पाणी सांडले असेल. मला कारण ठाऊक आहे.

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे, शौचालयाची. नाक मुरडू नका. तुमच्याही घरामागे माझी एखादी बहीण जमिनीखाली निमूट राबत असेल.

मला दोन भावांनी थोरल्याच्या घरासाठी बांधले. थोरला होड्या बांधणारा सुतार. धाकटा घरापुढच्या उथळ खाडीत शिंपले काढून विकणारा. थोरला प्रत्येक थराला ओळंबा लावायचा. धाकटा घमेले टेकवून हसायचा, "दादा, आत घाणच राहणार ना? मग एवढी देखणी भिंत कुणासाठी?"

"गळकी होडी आणि गळकी टाकी माझ्या हातून होणार नाही," थोरला म्हणायचा.

माझे काम साधे होते. जड मैला तळाशी बसे, तेलकट भाग वर तरंगे. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू मैला खाऊन त्याचा थोडासा गाळ करत. मधले निवळ पाणी शेजारच्या शोषखड्ड्यात जाई, तिथून वाळूत मुरे, आणि वाळू ते गाळून घेई. उताराला धाकट्याचे घर होते आणि त्यापुढे खाडी. अधूनमधून दोघे भाऊ माझे झाकण उघडून गाळ उपसत. मग थोरला आत वाकून भिंतींवरून हात फिरवी आणि म्हणे, "ठणठणीत आहे!" एवढ्या शाबासकीवर मी पुढची काही वर्षे काढत असे.

पुढे समुद्र बघायला पाहुणे येऊ लागले. थोरल्याने घरावर खोल्या चढवल्या. पाहुण्यांना माझे झाकण दिसू नये म्हणून त्यावर कट्टा बांधला आणि निळी फरशी बसवली. हौसेच्या भरात झाकण कायमचे बुजले, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. थोरल्याची बायको रोज सकाळी शौचालयात जळजळीत ॲसिड ओतायची. पाहुणे म्हणायचे, "काय स्वच्छता आहे तुमच्याकडे!" ती खुलायची. इकडे माझे जिवाणू मरत होते.

गाळ चढत गेला. निवळायला जागाच उरली नाही. जसे आत येई तसेच पाणी पुढे जाऊ लागले. समुद्रही हळूहळू वर सरकला होता. वाळू सदा ओली राहू लागली. ओली वाळू काय गाळणार? भरतीला शोषखड्डा तुडुंब भरतो, पाणी उलटे माझ्यात शिरते आणि वरच्या भेगेपर्यंत पोचते.

एके दिवशी खाडीकाठी लाल पाटी लागली : पाणी दूषित आहे, शिंपले काढू नयेत.

मग गावाच्या बैठका सुरू झाल्या, त्याही माझ्याच डोक्यावरच्या कट्ट्यावर. सगळ्या घरांचे सांडपाणी एका मोठ्या नळाने वर माळावर नेऊन शुद्ध करायचे, असा विचार होता. पण प्रत्येकाला शेजाऱ्याच्याच टाकीचा वास येत होता.

"एवढा मोठा समुद्र, त्याला काय कळतंय?" किराणावाली मावशी म्हणाली.

"समुद्राला नाही कळत, मावशी. शिंपल्यांना कळतं," धाकटा म्हणाला. "माझं पोट त्यांच्यावर आहे."

थोरला घुश्शात उठला. "माझी टाकी मी बांधली आहे. ती गळत नाही!"

मित्रांनो, तो खोटे बोलत नव्हता. माझ्या भिंती आजही शाबूत आहेत. फक्त मला कुणी उघडून पाहिले नव्हते.

"पुढच्या बैठकीत बघू," असे ठरून सगळे उठत. असे किती वेळा ठरले!

शेवटी पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. कुणाच्या टाकीचे पाणी खाडीत उतरते ते कळावे म्हणून शौचालयात ओतायचा हिरवा रंग त्यांच्याकडे होता. "माझ्याकडेच घाला आधी," थोरला छाती काढून म्हणाला. रंग माझ्यातून गेला. काही भरत्यांनंतर, ओहोटीच्या वाळूत, धाकट्याच्या पायरीसमोर हिरवे ओघळ दिसले. सगळा गाव बघायला लोटला. धाकटा घरात गेला आणि सामान बांधू लागला.

मित्रांनो, जे झाकाल ते मधूनमधून उघडून बघत जा. जमिनीखाली राबणाऱ्यालाही विश्रांती लागते. एवढेच माझे मागणे आहे. माझ्यासाठी मात्र आता फार उशीर झाला आहे.

आज पुन्हा बैठक भरली आहे. धाकटा प्रवासाच्या कपड्यांत आला. शहरातल्या बर्फाच्या कारखान्यात त्याला काम मिळाले आहे. त्याने घराची किल्ली कट्ट्यावर ठेवली.

"दादा, घराकडे लक्ष असू दे."

"अरे, पण परत कधी..."

"खाडी बरी झाली तर."

तो उतारावरून गेला. भरती होती. थोरल्याने किल्ली उचलली. ती खालून ओली झाली होती. त्याने फरशीवर तळवा टेकला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. माझ्या भिंतींवरून हात फिरवायचा, तसाच.

"पुढच्या बैठकीत..." कुणीतरी पुटपुटले.

"नाही," थोरला म्हणाला. "हा कट्टा फोडा. टाकी उपसा आणि वाळूने बुजवून टाका. मोठ्या नळाला पहिलं घर माझं जोडा."