झियोनेजवळ कोण बसलं होतं

"विस्तवापासून आणि पाण्यापासून लांब ठेवा तिला, बाकी ती तुमच्या पोरीसारखीच पोर आहे," बस सुटताना झियोनेची आई तालान्दिराला म्हणाली होती. "फिट आलीच, तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. बस, एवढंच."

"अहो, कॉलेजात शिकलेय मी हे सगळं," तालान्दिरा हसून म्हणाली आणि आपल्या लेकीच्या, तियामिकेच्या पिशवीत तिसरा स्वेटर कोंबत राहिली. झोम्बाच्या डोंगरावर थंडी फार. शाळेच्या या सहलीला ती मदतनीस म्हणून निघाली होती खरी, पण डोळा सगळा लेकीवर.

"आई, मी डोंगरावर चाललेय, सासरी नाही," तियामिके पुटपुटली. पोरी खिदळल्या.

वर पाइनच्या झाडांखाली तीन दगडांची चूल मांडली. वर्गाच्या बाई चार पोरींना घेऊन सरपणाला गेल्या. मक्याच्या पिठाचा न्सिमा रटरटायला लागला तशी झियोने पुढे झाली. "मावशी, मी ढवळू?"

"ढवळ," तालान्दिरा म्हणाली. मान वळवूनही बघितलं नाही तिनं. तियामिके ओल्या खडकावर चढत होती ना!

लाकडी पळी खाली पडल्याचा आवाज आला. झियोने ताठ होऊन कोसळली होती. अंग झटके देत होतं, तोंडाला फेस, आणि हात चुलीच्या तापल्या दगडावर.

"हात लावू नका! लाळ लागली तर तुम्हालाही होईल!"

कोण ओरडलं? तालान्दिरालाच आपला आवाज ओळखू आला नाही. लहानपणी पाणवठ्यावर कुणाला फिट आली की तिची आत्या अस्सं ओरडायची. या रोगाची लागण होत नाही, हे तिनं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी पोरी मागे सरल्या, आणि धावत आलेल्या तियामिकेला तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"सोड ना, आई!"

तियामिकेनं हिसडा मारला. झियोनेला काखेत हात घालून चुलीपासून ओढलं, डोक्याखाली तो तिसरा स्वेटर सारला, झटके ओसरताच कुशीवर वळवलं. मग भाजल्या हातावर गार पाण्याची धार धरली, ती थांबवलीच नाही. कुणी टूथपेस्ट आणली.

"दात भाजलेत का तिचे? पाणी आण, शहाणे!" तियामिके खेकसली.

झियोनेनं डोळे उघडले. "न्सिमा करपला का गं?" मग तिची नजर लांब उभ्या पोरींवरून फिरत तालान्दिरावर थांबली. कमरेला गुंडाळलेल्या चितेन्जेच्या टोकानं झियोनेनं तोंड पुसलं आणि मान खाली घातली.

पट्टी दवाखान्यात झाली. संध्याकाळी बसथांब्यावर झियोनेच्या आईनं गुडघे लववून तालान्दिराचे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून, तियामिकेच्या आई. नाहीतर लोक लांबून बघतात नुसते."

झियोने घडलेलं सांगणार नव्हती. तालान्दिरा गप्प बसली असती तरी चाललं असतं.

"मी नव्हते," तालान्दिरा म्हणाली. "चुलीजवळ मीच जाऊ दिलं. पोरींनाही मीच लांब केलं. जवळ होती ती तियामिके."

हातातले हात सुटले.

"तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून मी पाठवलं हो," एवढंच बोलून ती माऊली लेकीला घेऊन निघाली.

पुढच्या सहलीला झियोने आली नाही. वर्गातही तिच्या बाकावर आता तियामिकेशिवाय कुणी बसत नाही. 'लाळ लागते' हे पोरींनी एका शिकलेल्या बाईच्या तोंडून ऐकलंय. तालान्दिरा दर शनिवारी झियोनेच्या अंगणात जाते. दार कधी उघडतं, कधी नाही. मग फाटकाशीच उभी राहते.

भेटेल त्या आईला ती एकच गोष्ट सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगणं आहे तिचं: तुमच्या मुलांच्या वर्गात कुणाच्या शेजारची जागा रिकामी असते, विचारा. आणि आजच जाऊन बघून या, ते मूल कसं आहे.