पातेल्यातली साखर

"खीर आहे की वाळू? दाताखाली नुसती करकरते," सासरे पेपराआडून पुटपुटले. खीर अजून गॅसवरच होती. पण तक्रार आगाऊ नोंदवून ठेवायची त्यांची जुनी सवय.

"करकरू दे," सासूबाई वेलची सोलत म्हणाल्या. "दात तरी कुठे तुमचे आहेत? कवळीला कसले नखरे!"

आमच्याकडे खिरीत साखर शिजत नाही. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मधुमेह निघाला, तेव्हापासून खीर फिकीच करायची आणि बाकीच्यांनी आपापल्या वाटीत वरून साखर घ्यायची, अशी रीत पडली. पुढे हेच घर सोडून गेले, दुसरीकडे संसार थाटला, त्यालाही आता बरेच दिवस झाले. रीत मात्र घरातच राहिली. शेजारच्यांनी विचारलं, की सासूबाई सांगतात, "कामाच्या गावी असतो." मी बाजूला उभी राहून मान डोलावते. मान डोलावण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

मी लॉन्ड्रीत इस्त्री करते. मालकीणबाई दुसऱ्या शहरातलं दुकान माझ्यावर सोपवायला तयार आहेत, वर राहायला खोलीही देतायत. हो की नाही ते उद्या सांगायचं. घरी मी हे आधीच बोलले होते. सासरे नुसते खोकले. सासूबाई म्हणाल्या, "तो आला की त्याला विचारून ठरवू."

झालं. ज्याने जाताना मला विचारलं नाही, त्याला विचारून मी जायचं!

तुपावर परतलेले भरड तांदूळ दुधात मऊ शिजले. मी पळीने तळ खरवडत होते आणि डोक्यात ती खोली. एकटीपुरतं दूध किती घ्यायचं? एका माणसाची खीर कुणी करतं का? आणि मी गेल्यावर ही दोघं तरी कुणासाठी करतील? इथे तिघं असून दिवसभरात गॅस, दूध आणि कवळी यांपलीकडे बोलणं जात नाही.

या नादात हाताने डबा उघडला आणि साखर सरळ पातेल्यात. खीर एकदम सैल झाली तेव्हा कुठे मी भानावर आले.

"आई, साखर पडली हो पातेल्यात."

वेलचीवरचा हात थांबला. "अगं, त्याला..." म्हणाल्या, आणि सोललेली वेलची पातेल्यात टाकली.

वाट्या भरल्या. नेहमीसारख्या चार. चौथी ह्यांची, तिच्यावर झाकण. ती दुसऱ्या दिवशी सकाळी मीच उभ्याउभ्या संपवते, तेही कुणी बघत नाहीसं बघून.

सासऱ्यांनी एक वाटी खाल्ली. चक्क पुन्हा मागितली. "चांगली झालीय," म्हणाले, पण आमच्यापैकी कुणाकडे बघून नाही.

सासूबाईंनी चमच्याला हातही लावला नव्हता. त्या झाकलेल्या वाटीकडे बघत बसल्या होत्या. मग त्यांनी झाकण काढलं आणि वाटी माझ्यापुढे सरकवली.

"खा. गरम आहे तोवर खा."

"आई, ही तर..."

"तो येणार नाही आता," सासूबाई म्हणाल्या. "उद्या मालकीणबाईंना हो म्हणून सांग."