माझ्या उंचीचा दांडा

मंगळवारच्या तालमीत वाजवता वाजवता माझा डबल बेस खाली बसला. एकदम नाही, हळूहळू, दमलेला माणूस पायरीवर टेकतो तसा. वाद्य खाली खाली चाललंय आणि मी त्याच्यामागे वाकत चाललेय, अशी ती वरात. शेवटी माझी हनुवटी गुडघ्याला लागायची वेळ आली तेव्हा मी गज थांबवला. अख्खा वाद्यवृंद थांबला. मागच्या रांगेतला एक ढोलवाला फिदीफिदी हसला, त्याला मी नंतर बघून घेतलं.

"बाई, काय झालं?" मास्तरांनी विचारलं. आमचा वाद्यवृंद चालवणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळेच मास्तर म्हणतो.

"एंडपिन घसरतेय."

डबल बेस कधी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. माणसापेक्षा उंच वाद्य, आणि ते सगळंच्या सगळं एका लोखंडी दांड्यावर उभं असतं. तीच एंडपिन. वाद्याच्या बुडात एक लाकडी बूच असतं, बुचाला पितळेचं कडं, कड्याला स्क्रू. स्क्रू सैल करायचा, दांडा हवा तेवढा बाहेर ओढायचा, पुन्हा आवळायचा. एवढं साधं काम. पण आमच्या स्क्रूचे आटे पार झिजले होते आणि ते का झिजले हे मला चांगलं ठाऊक होतं.

वाद्य संस्थेचं, एकच, आणि वाजवणारे आम्ही दोघं. एक तो लंबू, दारातून जाताना मान वाकवून जाणारा, आणि एक मी. मला शाळेतसुद्धा कायम पहिल्या बाकावर बसवायचे. लोक आम्हाला लंबू-टिंगू म्हणायचे. मोठे कार्यक्रम त्याचे, उरलेसुरले माझे. त्याने वाजवलं की दांडा बाहेर, मी वाजवायचं म्हटलं की दांडा आत. इतकी वर्षं मी येऊन आधी त्याची उंची कमी करायची आणि मग सूर लावायचे. बिचारा स्क्रू तरी किती सोसणार? गेली काही वर्षं दांडा थोडाथोडा घसरायचाच आणि मी वाकून निभावून न्यायचे.

गेल्या महिन्यात लंबू दुसऱ्या गावच्या वाद्यवृंदात गेला. वाद्य माझ्या एकटीकडे आलं, आणि शनिवारच्या मोठ्या कार्यक्रमातली ती रचनाही माझ्याकडे आली, जिची सुरुवात एकट्या डबल बेसने होते. वाद्य माझ्या पाळीत घरी असलं की ती सुरुवात मी वर्षभर उगाच वाजवत आले होते. बाकी सगळे हाताची घडी घालून बसणार आणि मी वाजवणार. डबल बेसवाल्याच्या नशिबी असं सहसा येत नाही. आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुरांखाली जमीन घालत असतो.

मास्तरांनी तालीम संपल्यावर मला बाजूला घेतलं. "गुरुवारी सकाळी रंगीत तालीम. तेव्हा वाद्य जागेवर राहिलं तर सुरुवात तुमचीच. नाहीतर मला ती चेलोला द्यावी लागेल. मला वाईट वाटेल, पण द्यावी लागेल."

माणूस सरळ आहे, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येत नाही. मला रडू नाही आलं, संताप आला. आलेला घास तोंडातून एका फालतू स्क्रूपायी जावा?

बुधवारी सकाळीच मी मोहिमेवर निघाले. पहिला वाद्यं दुरुस्त करणारा. त्याने कडं उलटसुलट करून पाहिलं आणि डॉक्टर वाईट बातमी सांगताना करतात तसा चेहरा केला. या मापाचं आता कोणी करत नाही, नवा संच मागवावा लागेल, त्यासाठी बुडाचं भोक कोरावं लागेल, वाद्य पंधरा दिवस इथे ठेवा. मी म्हटलं, पंधरा दिवस तुम्हालाच इथे ठेवते. तो हसला नाही.

मग हार्डवेअरचं दुकान. दुकानदार भला, त्याने खणच्या खण माझ्यापुढे ओतले. प्रत्येक स्क्रू दोन आटे आत जायचा आणि रुसून बसायचा. लेथवाला म्हणाला, करून देतो की, सोमवारी या. चेलोवालीने, जिला माझ्या जागी वाजवायला मिळणार होतं तिने, स्वतःहून आपला जादा दांडा आणून दिला. मनाची मोठी बाई. पण चेलो म्हणजे डबल बेसचं धाकटं भावंड, त्याचा दांडा विणायच्या सुईएवढा, कड्यातून थेट खाली पडला. शेवटी त्या हसऱ्या ढोलवाल्याने तोंड पाडून आपल्या स्टँडचा स्क्रू दिला, आणि तो बसला. खरंच बसला. मला इतका आनंद झाला की मी पक्कड घेतली आणि चांगला दम लावून आवळला.

कडं तडकलं.

पितळ ते, केवढं ताणणार? दोन तुकडे हातात आले. आता स्क्रू नाही, कडं नाही, बुडात नुसतं बूच आणि बुचाला अंगठ्याएवढं भोक. मी वाद्य घरी आणून बाहेरच्या खोलीत आडवं टाकलं आणि शेजारी जमिनीवर फतकल मारून बसले.

खिडकीशी खुर्चीत माझे सासरे बसले होते. काठी मांड्यांवर आडवी. वर्षभरापूर्वी ते जिन्यात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, कित्येक महिने अंथरुणावर काढले. आता डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, काठी सोडा. पण बाबा काठी सोडायला तयार नाहीत. चहा हवा, काठी आपटा. माझा रियाज पुरे झाला, काठी आपटा. मागच्या कार्यक्रमाला तर टाळ्यांऐवजी त्यांनी पहिल्या रांगेत काठी आपटायला सुरुवात केली, तेव्हा काय बिघडलं म्हणून नाट्यगृहाचा माणूस धावत आला होता.

"काय गं, तुझा हत्ती आडवा का?"

"पाय मोडलाय त्याचा."

"मग कर ऑपरेशन. मला केवढं पिडलंत तुम्ही लोकांनी."

मी सगळा दिवस त्यांच्या अंगावर ओतला. दुरुस्तीवाला, लेथवाला, पक्कड, सगळं. बाबांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, हातात कधी हातोडी धरली नाही, पण उलटतपासणी घ्यायची सवय काही जात नाही.

"तो स्क्रू लागतो कशाला पण?"

"उंची कमीजास्त करायला, बाबा."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी आणि लंबूसाठी."

"तो तर गेला ना?"

"गेला."

"मग तुझी उंची अजून वाढायची आहे का?"

मी ताडकन उठले. दिवसभर आम्ही सगळ्यांनी मिळून, त्यात मीसुद्धा, दांडा वरखाली करणारा स्क्रू शोधला होता. वरखाली करायचंय कोणाला? वाद्य माझ्याकडे आहे. मला एकच उंची हवी, माझी. स्क्रू नको, कडं नको. त्या भोकात घट्ट ठासून बसेल असा एक लाकडी दांडा हवा, बस्स.

मी घरभर फिरले. झाडूचा दांडा आतून पोकळ. फरशी पुसायचा दांडा प्लास्टिकचा. माळ्यावरच्या जुन्या फावड्याचा दांडा किडलेला, हातातच मोडला. परत येऊन मी उभी राहिले आणि माझी नजर कुठे गेली हे सांगायला नको.

"बघू नकोस," बाबा म्हणाले आणि काठी दोन्ही हातांनी धरली.

"मी काही म्हटलंय का?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

मी गप्प राहिले. माझ्यासारख्या बाईला ते किती जड जातं हे घरच्यांना विचारा. शेवटी ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डॉक्टरला काय जातंय सांगायला. मला भीती वाटते गं. काठी नसली की जमीन पायाखालून सरकते असं वाटतं."

"मलाही भीती वाटते, बाबा. हे शनिवारी खाली बसलं तर पुन्हा कोणी मला पुढे उभं करणार नाही."

 त्यांनी घसा साफ केला आणि नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायला लागले. माझी सुरुवात होती ती. एका सुराला चुकले, पण अगदी तीच.

"तुम्हाला येते?"

"महिनोन्‌महिने पडून होतो, जाणार कुठे? आधी तुझ्या त्या घूं घूंचा वैताग यायचा. मग एक दिवस तू वाजवलं नाहीस आणि दुपारची झोपच लागेना." त्यांनी काठी माझ्यापुढे धरली. "घे. आणि नीट काप, वाकडी कापलीस तर बघ."

नवरा कामावरून आला तो आम्ही दोघांनी त्याच्या हातात करवतच दिली. "बाबांची काठी?" तो म्हणाला. "तू काप," बाबा म्हणाले, "चौकशा नंतर कर." काठीखालची रबरी टोपी आम्ही तशीच ठेवली. वाद्याच्या बुडाखाली बाबांची इतिहासाची जाडजूड पुस्तकं रचत गेलो, माझी बोटं सहज जागेवर पडेपर्यंत, आणि तेवढ्या उंचीची खूण काठीवर केली. नवऱ्याने आधी वरची मूठ कापून काढली, मग काठी खुणेवर कापली, कानशीने टोक निमुळतं केलं, पॉलिश पेपर मारला. मी ते बुचात घातलं आणि तळव्याने ठोकून बसवलं. मग वाद्य उभं केलं आणि सगळं अंग त्यावर टाकलं. जितका भार पडला तितकं टोक आत रुतलं.

मी सगळ्यात खालची तार ओढली. आवाज काठीतून जमिनीत उतरला आणि खुर्चीत बसलेल्या बाबांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"आला इथपर्यंत," ते म्हणाले.

गुरुवारी मास्तर वाकून वाद्याखाली बघायला लागले. "हे काय लावलंत?"

"माझ्या सासऱ्यांची काठी."

"मग ते काय करतायत?"

"भिंत धरून चालतायत आणि मला शिव्या देतायत." मास्तर हसले. तालीम झाली. वाद्य तसूभर हललं नाही आणि सुरुवात माझी राहिली.

शनिवारी पडद्याच्या फटीतून मी बाबांना आत येताना पाहिलं. नवऱ्याने हात पुढे केला तो त्यांनी झटकून टाकला. खुर्च्यांच्या पाठी धरत, एकेक पाऊल टाकत ते पहिल्या रांगेपर्यंत आले. कोटाचा एक खिसा फुगला होता. कापलेली मूठ होती त्यात, घरापासून घेऊन आले होते.

प्रेक्षागृहातले दिवे मालवले. मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि बाकी सगळे हाताची घडी घालून बसले. मी गज टेकवला. पहिला सूर निघाला आणि मला कळलं की आज मी वाकलेली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी या वाद्यामागे सरळ उभी होते, माझ्याच उंचीवर. मग मी काही राखून ठेवलं नाही. जिथे जोर हवा तिथे अंगातला सगळा जोर दिला, जिथे श्वासाएवढा सूर हवा तिथे तेवढाच दिला. खाली ती काठी पाय रोवून उभी. माझा भाग संपला, व्हायोलिनं आत आली, आणि मी भर रंगमंचावर दात काढून हसत होते असं नंतर चेलोवालीने सांगितलं.

शेवटी टाळ्या पडल्या. मास्तरांनी सगळ्यांच्या आधी मला उभं राहायची खूण केली. मी उभीच होते, म्हणून नुसती पुढे झाले आणि पहिल्या रांगेत पाहिलं. बाबा खुर्चीतून उठत होते. सवयीने त्यांचा उजवा हात काठी शोधायला बाजूला गेला, तिथे काही नव्हतं. क्षणभर तो हात तसाच अधांतरी राहिला. मग ते सरळ झाले, दोन्ही हात वर घेतले आणि टाळ्या वाजवायला लागले. बाकी लोकांच्या टाळ्या थांबल्या. बाबा उभेच होते, वाजवत होते, आणि त्यांना थांबवायला कोणीही धावत आलं नाही.