चिठ्ठ्या बांधलेल्या बंदुका

हरणांचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो आणि त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या उत्तर मिशिगनमध्ये म्हातारे शिकारी आपल्या बंदुका वाटतात. नजर अधू झाली, हात थरथरू लागले, की प्रत्येक बंदुकीला नावाची चिठ्ठी बांधायची, लागतील ते कागद करायचे आणि ज्याची त्याला बोलावून हातात द्यायची. मागं पोरांनी भांडत बसण्यापेक्षा हे बरं. ज्याच्या घरी हे होतं त्याची लोक यथेच्छ थट्टा करतात, आणि बहुतेक वेळा तो त्यानंतर दहा वर्षं खडखडीत जगतो.

आर्वो निस्कानेन यांनी ब्याऐंशीव्या वर्षी चार बंदुका स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या. तीस वर्षं चर्चच्या तळघरात त्यांनी पोरापोरींना शिकारीच्या परवान्याचे धडे दिले होते, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको लेम्पी. तिची स्मृती गेली होती. मुलगी आली तरी ती तोंड फिरवायची. जेवायची ती फक्त मास्तरांच्या हातून. तिला जरा समजत होतं तेव्हा तिनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, मला त्या वृद्धांच्या दवाखान्यात टाकू नकोस. मास्तर त्या वचनासाठीच जगत होते असं म्हटलं तरी चालेल.

लेम्पीचा रक्तदाब बघायला आठवड्यातून एकदा नर्स यायची. पोरगी नवी, दक्षिणेकडच्या शहरातून आलेली. टेबल बघून ती दारातच थबकली.

"आजोबा, हे काय?"

"वाटून टाकतोय. मला आता काय करायच्यात? आपलं झालं सगळं."

"झालं म्हणजे?"

"झालं म्हणजे झालं, बाई! समोर हरीण आहे की शेजाऱ्याची गाय, तेही दिसत नाही मला."

मास्तर मिशीत हसले. पोरगी हसली नाही. जीव द्यायला निघालेला माणूस आधी आपल्या आवडीच्या वस्तू वाटतो, असं तिला शिकवलं होतं. तिनं पोलिसांना फोन केला. तिला मी बोल लावत नाही. पण फोन ज्यांनी घेतला ते तर इथलेच होते ना! त्यांच्या आजोबांनीही अशाच चिठ्ठ्या बांधल्या होत्या. शेजारी कुणाला एक शब्द विचारला असता तर हसून हसून मुरकुंडी वळली असती सगळ्यांची. त्यांनी मात्र सुतावरून स्वर्ग गाठला आणि बंदुका काढून घ्यायच्या आदेशावर न्यायाधीशाची सही मिळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर लेम्पीला लापशी भरवत असताना दार मोडून सहा पोलीस आत घुसले.

"अरे, दार उघडंच होतं की!" मास्तर ओरडले. "या घराला कधी कुलूप लागलंय का?"

"हात वर! वर घ्या हात!"

मास्तरांनी चमच्यासकट हात वर केले. लेम्पी किंचाळायला लागली. त्या सहाजणांत ब्रेंट होता, मास्तरांचा विद्यार्थी. बारा वर्षांचा असताना तो त्यांच्याकडूनच बंदूक धरायला शिकला होता.

"ब्रेंट, सांग की रे यांना. तुझ्या आजोबांनी नव्हत्या का वाटल्या?"

ब्रेंट जमिनीकडे बघत म्हणाला, "मास्तर, आदेश आहे."

"मग न्या बंदुका. चारही न्या. मला कुठं नेताय?"

"तपासणीला," त्यांचा साहेब म्हणाला. "तुमच्याच भल्यासाठी."

"अहो, ती माझ्या हातूनच खाते! तिचं कोण बघणार?"

"बघतील. माणसं असतात त्यासाठी."

मास्तरांनी आयुष्यात कुणाचे पाय धरले नव्हते. त्या दिवशी हात बेड्यांत होते, म्हणून धरता आले नाहीत एवढंच.

तीन दिवस त्यांना वेड्यांच्या वॉर्डात ठेवलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माणूस ठणठणीत आहे. पण सुटकेच्या कागदावर सही करणारा रजेवर होता. चौथ्या दिवशी ते धावत वृद्धांच्या दवाखान्यात गेले; लेम्पीला तिथंच नेऊन टाकलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीन दिवसांत तिच्या पोटात घोट-दोन घोट पाण्यापलीकडे काही गेलं नव्हतं. मास्तरांनी तिचं नाव घेतलं, घरी बोलायचे त्या फिनिश भाषेत लाडीगोडी लावली, चमचा ओठांना लावला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मुलीला बघून फिरवायची तसं तिनं त्यांना बघूनही तोंड फिरवलं. मास्तर तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले.

दहाव्या दिवशी ती गेली.

पंधराव्या दिवशी सुनावणी झाली, दहा मिनिटांत. न्यायाधीशबाईंनी कागद दोनदा उलटून पाहिले आणि विचारलं, "आदेश बंदुकांचा होता. माणसाला न्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेबानं काळजी, खबरदारी असं काहीबाही सांगितलं. बंदुका परत करा, असा हुकूम झाला.

त्या घेऊन ब्रेंटच आला. नव्या दारावर त्यानं टकटक केली, चारही बंदुका टेबलावर ठेवल्या आणि एक कागद पुढे सरकवला.

"इथं सही हवी, मास्तर."

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. "नेलेलं सगळं परत मिळालं, असं लिहिलंय यात."

"तो छापील मजकूर असतो."

"असेल. मी नाही सही करणार."

ब्रेंटनं टोपी काढली. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, मास्तर."

असं कुणी म्हटलं की आमच्याकडे समोरचा म्हणतो, जाऊ दे रे, झालं ते झालं. ब्रेंट तेवढ्यासाठीच उभा होता.

"हो," मास्तर म्हणाले, "हवं होतं."

आणि ते आत जाऊन लेम्पीच्या खाटेवरची चादर काढू लागले.